अकरावा सोमवार

कुंभकोणमला पोस्टिंग आल्याचं कोर्समेट्सच्या ग्रुपवर टाकलं, तेव्हा पहिला प्रश्न आला, "तिथं आर्मी आहे?" दुसरा प्रश्न, "कोणाशी भांडलास?"

भांडलो नव्हतो. मागून घेतली होती. इथे एनसीसीची बटालियन आहे आणि पाच गल्ल्या सोडून माझी सासुरवाडी आहे. दोन वर्षं उत्तर सिक्कीममध्ये काढल्यावर अंगावर सुती शर्ट आणि हातात पितळी दवरा-टंबलरमधली डिग्री कॉफी, एवढ्यावर माणूस सुखी होऊ शकतो हे मला नव्यानं कळलं. पण पोस्टिंग कॉफीसाठी मागितली नव्हती. मामांचं वय ऐंशीच्या पुढे गेलं होतं, मामी शहात्तरच्या होत्या आणि बायको त्यांची एकुलती एक मुलगी.

नवीन वाचकांसाठी सांगतो. बायको तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग सतराव्या शतकात जी माणसं कावेरीकाठी उतरली, त्यांच्यापैकी एक घर. १८५५ साली तंजावरचं राज्य खालसा झालं, पण माणसं राहिली. घरात मराठी बोलतात, चिठ्ठी तमिळमध्ये लिहितात आणि जेवणात डांगर पचडी असते, जी माझी आजी मिरजेला डांगर म्हणून करायची. खडकवासल्याच्या एका कोर्समेटची ही मामेबहीण. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांना काय म्हणायचं हा प्रश्न एका मिनिटात सुटला. आमच्याकडेही मामा, तमिळमध्येही मामा.

आता मुद्द्यावर येतो. हा लेख गृहकर्जाबद्दल आहे. "कर्ज लवकर कसं फेडलंत, लिहा" असं तिघाचौघांनी कळवलं होतं. लिहितो, पण जसं झालं तसं.

मार्च २०१६ मध्ये पुण्यात फ्लॅट घेतला. कर्ज ४५ लाख, वीस वर्षांसाठी, साडेनऊ टक्क्यांनी. हप्ता ४१,९४६ रुपये. पहिल्या महिन्याचं स्टेटमेंट पाहिलं आणि हबकलो. त्यातले ३५,६२५ रुपये व्याजात गेले होते, मुद्दल कमी झालं होतं फक्त ६,३२१ रुपयांनी. वीस वर्षांचे हप्ते मोजले तर एक कोटीच्या वर जात होते. ४५ लाख घ्यायचे आणि एक कोटी द्यायचे.

त्याच रात्री एक्सेल शीट बनवली. गणित सोपं आहे. सुरुवातीच्या काळात मुद्दलात भरलेला प्रत्येक रुपया वीस वर्षांचं व्याज वाचवतो. माझ्या कर्जात पहिल्याच महिन्यात एक लाख जादा भरले असते, तर शेवटचे पंधरा हप्ते गळून पडले असते, म्हणजे सव्वासहा लाख रुपये. म्हणून सगळ्यांना पहिला सल्ला हा, की जादा रक्कम भरताना हप्ता कमी करून घेऊ नका, मुदत कमी करून घ्या. दुसरी गोष्ट, बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेनं २०१२ पासून बंदी घातली आहे. घाबरू नका, भरा.

मी भरत गेलो. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी आली, भरली. फील्डमध्ये खर्च नसतो आणि भत्ते असतात, ते भरले. वर्षाला सरासरी दोन लाख. मे २०२२ मध्ये रेपो दर चार टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला. हप्ता तोच राहिला, महिने मात्र वाढले. रागाने आणखी भरलं. डीएसओपीला हात लावला नाही, कारण त्यावर ७.१ टक्के व्याज मिळतं आणि अडीनडीला तोच एक फंड असतो. एवढं शहाणपण मी राखलं होतं.

मात्र एक चूक करत होतो आणि ती एक्सेलमध्ये दिसत नव्हती. मी कर्जाबद्दल बोलत होतो. सतत. रविवारी मिरजेला आईला फोन केला की "आई, आता एवढे राहिले". कुंभकोणमला फोन केला की मामांना आकडा. मामा निवृत्त बँकवाले, त्यांना आकड्यांची गोडी. मी उरलेलं मुद्दल सांगायचो, ते तोंडी व्याज काढून सांगायचे. रामानुजन ज्या गावात वाढले त्या गावचा माणूस, असं मी कौतुकानं म्हणायचो. माझ्या दृष्टीनं तो जावई-सासऱ्यांचा खेळ होता. ध्येय ठरलं होतं, की मार्च २०२५ मध्ये कर्ज बंद, वीस वर्षांचं काम नऊ वर्षांत.

डिसेंबर २०२३ मध्ये मामा अंगणात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. मी सिक्कीममध्ये, बायको पुण्यात, मुलगा बारावीला. ती धावतपळत आली, दहा दिवस राहिली, परत गेली. सासू-सासरे माझ्या आश्रितांच्या यादीत बसत नाहीत, त्यामुळे मिलिटरी हॉस्पिटलचा प्रश्न नव्हता. मी दीड लाख पाठवले आणि विचारलं, "अजून लागतील का?" मामी म्हणाल्या, "पुरे झाले. तुम्ही बघू नका इकडे."

मी बघितलं नाही. ३१ डिसेंबरच्या आत कर्जात तीन लाख भरायचे ठरवले होते, ते भरले. आणि तेही त्यांना फोनवर सांगितलं.

जून २०२४ मध्ये इथे रुजू झालो. मुलगा कॉलेजला गेला आणि बायकोही आली. पोस्टिंग मागून घेतली म्हणजे वेळ मिळेल, असा माझा समज होता. एनसीसीत शांतता असते हा गैरसमज ज्यांनी पसरवला त्यांना एकदा दहा दिवसांच्या कॅम्पवर पाचशे पोरांच्या जेवणाचा हिशेब द्यायला लावलं पाहिजे. कॅम्प, सर्टिफिकेटच्या परीक्षा, प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची निवड, गावोगावच्या कॉलेजांच्या भेटी. सकाळी सहाला ग्राउंडवर जाण्याआधी आईला फोन, संध्याकाळी मामांना घराच्या ओट्यावर वीस पावलं चालवणं, मध्ये ऑफिस. आईला भेटायला मिरजेला जायचं तर रात्री म्हैसूरच्या गाडीनं बंगळुरू आणि तिथून दुसऱ्या रात्री राणी चेन्नम्मा. दोन रात्री जायला, दोन यायला, मध्ये एक दिवस आईबरोबर. आई शहात्तरची. "इकडे ये" म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, "तुळशीला पाणी कोण घालेल?"

नोव्हेंबर उजाडला. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. मामांना वॉकरसकट जीपमध्ये बसवून बँकेत नेलं. ऑनलाइन होतं, पण मामांचं म्हणणं, मी हयात आहे हे बँकेनं डोळ्यांनी बघावं. बँक हा या गावचा अभिमानाचा विषय आहे. १९०४ साली इथे कुंभकोणम बँक सुरू झाली, तीच आजची सिटी युनियन बँक, आणि तिचं मुख्यालय अजून इथेच आहे. मामा दुसऱ्या बँकेतले, पण अभिमान तोच.

दाखल्याचं काम पाच मिनिटांत झालं. निघताना काउंटरवरची मुलगी मामांना तमिळमध्ये म्हणाली, "सार, पुढच्या महिन्यात नगैक्कडन्‌ची मुदत संपते. व्याज भरून नवं करणार का?"

माझं तमिळ भाजी आणि परेडपुरतं आहे. पण तमिळनाडूत राहून हा शब्द न कळणं शक्य नाही, इथल्या प्रत्येक रस्त्यावर त्याच्या पाट्या आहेत. दागिन्यांवरचं कर्ज.

मामांना कमी ऐकू येतं. त्या दिवशी त्यांना अजिबात ऐकू आलं नाही.

मी थांबलो, पुन्हा विचारलं. २ लाख ४० हजार. मामींच्या चार बांगड्या आणि एक साखळी. तारीख डिसेंबर २०२३. व्याज साडेनऊ टक्के.

जीपमध्ये बसल्यावर मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बिल तीन लाख नव्वद आलं होतं. आरोग्यविमा मी दोन वर्षांपूर्वी सोडला. हप्ता फार वाढला होता." पुढे म्हणाले, "तीस वर्षं मी त्याच काउंटरवर बसून लोकांचं सोनं तोललं. मला लाज नाही त्याची."

"पण मला का नाही सांगितलं?"

"तुमचे तीन लाख जायचे होते ना त्या महिन्यात. तुमचं संपत आलं होतं."

मंडळी, मला गणित येतं. त्या महिन्यात मी साडेआठ टक्क्यांच्या कर्जात तीन लाख भरून व्याज वाचवलं आणि एक्सेलमध्ये हिरवा रंग भरला. त्याच महिन्यात माझ्याच माणसांनी साडेनऊ टक्क्यांनी कर्ज काढलं, कारण मला अडचण नको. एका खिशातलं कर्ज कमी होत होतं आणि दुसऱ्या खिशात, त्याच घरात, जास्त महाग कर्ज वाढत होतं. मी फक्त एक खिसा मोजत होतो.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती मामींच्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, "तुला आणखी एक गोष्ट माहीत नाही. आई सोमवारी कुठे जाते माहितेय?"

मला वाटत होतं भजनाला. गोविंदपुरमच्या विठ्ठल-रुक्मिणीच्या देवळात मामींचं जाणं-येणं असतं. पण सोमवारी त्या तिरुवारूरकडे जाणारी बस पकडून तिरुच्चेरैला जात होत्या. कुंभकोणमपासून पंधराएक किलोमीटरवर शंकराचं देऊळ आहे, सारपरमेश्वराचं. तिथे एक लिंग ऋणविमोचनेश्वराचं आहे. कर्जात बुडालेली माणसं लांबून येतात आणि अकरा सोमवार अर्चना करतात. मामींचे सात झाले होते. शहात्तर वर्षांच्या, सांधे दुखणाऱ्या बाई बसच्या पायऱ्या चढून जात होत्या. अर्चनेत गोत्र-नक्षत्र माझं सांगत होत्या. पुण्याच्या फ्लॅटसाठी. स्वतःच्या बांगड्या बँकेच्या तिजोरीत असताना.

"स्वतःच्या कर्जासाठी का नाही मागितलं?" मी मामींना विचारलं.

"ते काय, लहान आहे," मामी म्हणाल्या आणि कॉफी आणायला गेल्या.

त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी आईला फोन लावला, पण नेहमीचा प्रश्न विचारला नाही. "कशी आहेस" याला आई पन्नास वर्षं "बरी आहे" म्हणत आलीय. मी विचारलं, "आई, काय काय थांबवून ठेवलंयस?"

ती हसली. "काही नाही रे."

"आई, मी ऑफिसर म्हणून विचारतोय. यादी दे."

मग हळूहळू यादी आली. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू, दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी काढायला सांगितलेला. मागच्या खोलीचं गळणारं छप्पर. दुपारच्या कामाची बाई सहा महिन्यांपूर्वी बंद केलेली. "तुझं कर्ज संपलं की बघू म्हटलं. आता आलंच आहे संपत."

म्हणजे मिरजेला एक म्हातारी एका डोळ्यानं स्वयंपाक करत होती आणि कुंभकोणमला दोघं सोनं गहाण टाकून गप्प बसली होती. तिघंही माझं कर्ज संपायची वाट बघत होती. माझं कर्ज मी एकटा फेडत नव्हतो. त्यांना मी हप्ता लावला होता आणि त्याचं स्टेटमेंट मला कधीच येत नव्हतं.

यात त्यांची चूक म्हणावी तर तीही नाही. त्या पिढीला कर्ज म्हणजे संकट. घरातला मुलगा कर्ज फेडतोय म्हटल्यावर आपण त्याच्या वाटेत यायचं नाही, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. मी दर रविवारी आकडा सांगून त्यांना आठवण करून देत होतो, एवढंच.

तेव्हा माझ्याकडे कर्जात भरायला साठवलेले पावणेसहा लाखांच्या आसपास होते आणि मुद्दल राहिलं होतं सव्वासात लाख. मार्चपर्यंत शून्य करायचा आराखडा तयार होता. तो मोडला.

डिसेंबरमध्ये मामांबरोबर पुन्हा बँकेत गेलो. २ लाख ६३ हजार भरून दागिने सोडवले. मामांनी बांगड्या हातात घेऊन वजन केलं, नुसत्या तळहातावर, जुन्या सवयीनं. मान डोलावली. उरलेले तीन लाख वेगळ्या खात्यात टाकले. नाव बायकोचं आणि माझं, पण त्यातून खर्च फक्त तिघांवर. आईचा मोतीबिंदू जानेवारीत काढला, मी चार दिवस रजा घेऊन गेलो. मामांना कानाचं यंत्र आणलं, जे ते काउंटरच्या मुली बोलताना काढून ठेवतात असा माझा संशय आहे. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांचं संरक्षण दिलं आहे. तिघांची नावं त्यासाठी घातली. तुमच्या घरी सत्तरीपुढचं कोणी असेल तर हा लेख नंतर वाचा, आधी ते काम करा.

कर्जाचा हप्ता तेवढा चालू ठेवला, जादा एक पैसा भरला नाही. १४ महिने. हे सांगायला सोपं आहे, पण मला जड गेलं. ज्याला सवय लागली आहे त्याला विचारा. दर महिन्याला शीट उघडायचो, हिरवा रंग हळूहळू सरकायचा. दहा महिने उशीर झाला, त्याचं जादा व्याज पंचवीस-तीस हजार गेलं असेल. त्या पैशात एक म्हातारी दोन्ही डोळ्यांनी बघते आणि एक म्हातारी बांगड्या घालते. याहून स्वस्त सौदा मी आयुष्यात केलेला नाही.

या जानेवारीत शेवटचे पावणेदोन लाख भरून कर्ज बंद केलं. वीस वर्षांचं काम दहा वर्षांच्या आत झालं, तेही काही वाईट नाही. मेसेज आला तेव्हा मी कॅम्पवर होतो, हातात पाचशे पोरांच्या इडल्यांचा हिशेब होता. कोणाला सांगावं कळेना, सुभेदार मेजर साहेबांना सांगितलं. त्यांनी सॅल्यूट ठोकला.

मूळ कागद परत घ्यायला विसरू नका. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत बँकेनं मूळ दस्तऐवज द्यायचे आणि बोजा उतरवायचा, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद हातात आल्यावर पानं मोजून घ्या. आमची मामांनी मोजली, दोनदा.

आता ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी थोडक्यात. कर्ज लवकर फेडा, जरूर फेडा. पण पहिला जादा रुपया भरण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांसाठी एक शस्त्रक्रिया आणि सहा महिन्यांची मदतनीस एवढे पैसे बाजूला काढा. ते कर्जाच्या शीटमध्ये धरू नका. घरी आकडे सांगत बसू नका. आणि "काही लागतंय का" असं विचारू नका, त्याला उत्तर "नाही" असंच असतं. "काय थांबवलंय" असं विचारा.

राहिले मामींचे सोमवार. सात झाल्यावर मी बसप्रवास बंद करायला लावला होता, त्यामुळे चार अडले होते. अपुरं व्रत मामींना टोचत होतं. कर्ज संपलं तरी अकरा पूर्ण करायचे म्हणाल्या. "संपल्यावर कशाला?" असं मी विचारलं, तर मामा म्हणाले, "शेवटच्या हप्त्याची पावती नको का?"

गेल्या सोमवारी अकरावा झाला. आम्ही चौघं जीपमधून गेलो. दोन्ही बाजूंना भात, मध्येच एखादा कालवा. मामींच्या हातातल्या बांगड्या प्रत्येक खड्ड्याला वाजत होत्या. पुजाऱ्यानं अर्चनेला नाव विचारलं. मामींनी या वेळी सगळ्यांची सांगितली, मिरजेच्या आईचंसुद्धा. मामांना पायऱ्या जमत नाहीत, ते जीपमध्येच बसले. मी बाहेर आलो तेव्हा ते बोटांवर काहीतरी मोजत होते.

"काय हिशेब?" मी विचारलं.

"महामहम," ते म्हणाले. बारा वर्षांनी एकदा कुंभकोणमच्या महामहम तळ्यावर हा उत्सव होतो. मामा स्वतःचं वय त्यातच मोजतात. मागचा २०१६ साली झाला, ज्या वर्षी मी कर्ज घेतलं. पुढचा २०२८ ला. "आता दोन वर्षं राहिली. तेव्हा मी तळ्यात उतरेन का?"

पायऱ्या, गर्दी, त्यांचा खुबा, सगळं डोळ्यांसमोर आलं. बरेचदा माणूस अशा वेळी "का नाही?" म्हणून मोकळा होतो. मी त्याऐवजी विचारलं, "त्यासाठी काय काय लागेल?"

मामा खुशीत आले. घरी येईपर्यंत यादी सांगत होते. चाकाची खुर्ची. धरायला दोन माणसं. गर्दीच्या दिवशी नाही, आदल्या पहाटे. पाणी डोक्यावर तांब्यानं घेतलं तरी चालतं, हे त्यांनी स्वतःच ठरवलं.

रात्री जुनी शीट उघडली. वर "गृहकर्ज" लिहिलं होतं, ते खोडलं. पहिल्या ओळीत "महामहम २०२८" लिहिलं. तोवर माझी बदली कुठे होईल सांगता येत नाही. रजेचा अर्ज आत्ताच करून ठेवावा म्हणतो.